सुतकाचा धोंडा

माझ्या माहेरच्या गावाबद्दल मला चांगलं लिहिता येणार नाही. ज्याला चांगलं वाचायचं असेल त्याने हे प्रकरण सोडून सरळ पुढे जावं. पुढे माझं लग्न आहे, त्यात निदान जेवणाचं वर्णन आहे. नातवंडं मागे लागतात, "आजी, कल्याण केवढं जुनं गाव, तुझ्या लहानपणचं काहीतरी लिही ना." जुनं आहे रे बाबांनो, कोण नाही म्हणतंय? पण गाव जुनं झालं म्हणजे शहाणं होतं असं कुणी सांगितलं? खाडीच्या काठाला पडक्या किल्ल्यापासून तलावापर्यंत पसरलेलं ते आमचं तालुक्याचं गाव. एक मामलेदार कचेरी, कचेरीपुढे तासातासाला पडणारे टोल, बंदरावर मिठाच्या आणि भाताच्या होड्या, आणि घराघरात बसलेली माणसं, ज्यांना सकाळी उठून पहिलं काम म्हणजे शेजाऱ्याकडे कोण आलं ते बघायचं. आगगाडी आमच्या गावावरून दोन दिशांना फुटते याचा तर कोण अभिमान! जसे काही रूळ यांच्याच आजोबांनी घातले होते. मी त्या गावात जन्मले, वाढले, आणि अकराव्या वर्षी लग्न होऊन तिथून सुटले. सुटले हाच शब्द बरोबर आहे.

आमचे अण्णा कचेरीत कारकून होते. कचेरीच्या मागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर, पुढे ओसरी, मागे परसात विहीर आणि एक फणस. पहाटे आईच्या आधी काशीआत्या उठायची. उखळात मुसळ पडायला लागलं की आम्हा मुलांना कळायचं, उजाडलं. मग पेजेच्या वाफेचा वास, त्यावर मेतकूट, कधी भाजलेला पापड. आणि वारा खाडीकडून असला की कोळीवाड्यातल्या सुकटीचाही वास यायचा. तो आला की आई नाकाला पदर लावायची आणि काशीआत्या हळूच म्हणायची, "वहिनी, वास काय वाईट आहे हो? भूक लागते उलट." आई तिच्याकडे अशी बघायची की बस्स. काशीआत्या अण्णांची धाकटी बहीण. तेराव्या वर्षी नवरा गेला, केस गेले, आणि लाल आलवण नेसून ती भावाच्या दारी आली. तेव्हापासून घरातलं जे काम कुणाला नको ते तिचं. तरी ती हसायची. मी आयुष्यात पुष्कळ बायका पाहिल्या, पण कारण नसताना हसणारी तीच एक.

आता धोंड्याचं सांगते. आमच्या गावात साधे कपडे तलावावर धूत. पण बाळंतपणाचे, सुतकाचे आणि बायकांच्या त्या चार दिवसांचे कपडे तलावावर नेलेले चालत नसत, ते खाडीवर न्यायचे. खाडीच्या पायऱ्यांपासून जरा बाजूला, चिखलात, एक लांबट काळा धोंडा पालथा पडलेला होता. भरतीला बुडायचा, ओहोटीला उघडा व्हायचा. त्याला सगळे सुतकाचा धोंडा म्हणत. आईची बाळंतपणं दर दोन वर्षांनी, त्यामुळे आमच्या घरचं तिथलं काम कधी संपलंच नाही. काशीआत्या आलवणाचा काचा मारून धोंड्यावर बसायची, रिठे चोळायची, आणि खाऱ्या पाण्यात फेस येत नाही म्हणून खाडीला शिव्या द्यायची. मी बरोबर असायचे, पिळायला दुसरं टोक धरायला. एकदा पिळताना माझ्या हातातलं दुपटं सुटलं आणि धोंड्याखालच्या खबदाडीत गेलं. आत्या ओरडली, "अगं गोदे, हात घालू नकोस! खाली चिंबोरी असते, बोट तोडील!" पण सांगितलेलं ऐकेल ती गोदा कसली? मी दंडापर्यंत हात घातला. चिंबोरी नव्हती. बोटांना लागल्या त्या खाचा. ओळीने. एक काना, एक मात्रा, मग मला ओळखता न येणारं काहीतरी, मग पुन्हा काना.

मला अक्षरं येत होती, हा त्या घरातला एक चमत्कारच. अण्णा संध्याकाळी ओसरीवर कचेरीची बाकी राहिलेली नक्कल करत बसायचे, मी दौत धरायला बसायचे, आणि दौत धरता धरता शिकले. अण्णांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. "कुठे बोलू नकोस हं," एवढंच म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण वाईट नसणं आणि चांगलं असणं यात किती अंतर असतं ते मला त्याच वर्षी कळलं.

त्या थंडीत जिल्ह्याचा कुणी साहेब तंबू घेऊन फिरतीवर निघाला होता. सरकारला म्हणे प्रत्येक तालुक्याच्या गावाची हकीकत छापायची होती: गाव किती जुनं, कुणी वसवलं, लोक कोणकोण, जुनी देवळं, तळी, शिलालेख. मामलेदारांनी ते काम अण्णांच्या गळ्यात घातलं. अण्णा बिचारे दप्तर बगलेत मारून गावातल्या मोठ्या घरी फिरले. एकाने सांगितलं, गाव आमच्या मूळपुरुषाने वसवलं. दुसऱ्यानेही तेच सांगितलं, फक्त मूळपुरुष वेगळा. तिसऱ्याने सांगितलं की त्या दोघांचे मूळपुरुष त्याच्या मूळपुरुषाकडे पाणी भरत होते. आगरी, कोळी, बंदरावरचे मुसलमान, ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या चिखलात गेल्या, त्यांना विचारा असं कुणीच म्हणालं नाही, आणि अण्णांनीही विचारलं नाही. आठ दिवसांनी अण्णा डोक्याला हात लावून बसले. "साहेब उद्या-परवा येईल आणि माझ्या हातात एक खरी ओळ नाही." मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, सुतकाच्या धोंड्याखाली अक्षरं आहेत. मी बोटांनी वाचली."

अण्णांचा चेहरा असा उजळला की आजही आठवला तर मला बरं वाटतं, आणि बरं वाटल्याचा राग येतो. त्यांनी मला उचलून घेतलं, नऊ वर्षांच्या घोडीला! दुसऱ्या दिवशी रविवार. ओहोटीची वेळ बघून अण्णांनी मिठाच्या होडीवरच्या हिरूला आणि त्याच्या पाच गड्यांना पहारी आणि काथ्याचे दोर घेऊन बोलावलं. तमाशा म्हटल्यावर आमचं गाव कसलं घरी बसतंय? पायऱ्यांवर ही गर्दी. हिरू आधी धोंड्याच्या पाया पडला आणि म्हणाला, "आण्णा, यो पालथा हाय तो बऱ्यासाठीच हाय. आमचे आज्यानं सांगलंय, याला उताना करू नको." अण्णा हसले. "अरे हिरू, साहेबाला दाखवायचाय." हिरूने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि पहार घातली. चिखलाने धोंडा सोडताना मोठा आवाज केला. पाणी ओतलं, झाडूने घासला. वरच्या बाजूला कोरलेले चंद्र-सूर्य निघाले. त्याखाली अक्षरं, पुष्कळशी झिजलेली. मी गर्दीतून पुढे घुसत होते, माझीच अक्षरं ती! आणि मग खालचं चित्र निघालं. एक बाई आणि तिच्यावर गाढव. ते काय करतंय हे नऊ वर्षांच्या मुलीलाही कळावं इतकं स्पष्ट.

 मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बायकांनी तोंडं फिरवली, पण कुणी घरी गेलं नाही. पायऱ्यांवर शास्त्रीबुवा उभे होते, गावातल्या सगळ्या धर्मकृत्यांचे धनी. ते खाली उतरले, चिखल चुकवत धोंड्याजवळ गेले, वाकून बराच वेळ बघितलं, आणि उठून म्हणाले, "हिच्या हातात बांगड्या नाहीत. ही विधवा आहे." अहो, शेकडो वर्षं पाण्याखाली झिजलेला दगड! त्या बाईला धड नाक राहिलं नव्हतं, बांगड्या कुठून राहणार? पण गावाला तेवढं पुरलं. कारण त्या दगडावर बारा वर्षं कोण बसत होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. काशीआत्या माझ्या मागेच उभी होती, पायाशी धुण्याची बादली. लोकांनी तिच्याकडे वळून बघितलं. तिने बादली उचलली आणि ती घरी गेली.

साहेब सोमवारी आला. तांबडा, उंच, मराठी आमच्या शास्त्रीबुवांपेक्षा शुद्ध बोलणारा. त्याने दगडावर ओला कागद थापून ठसा घेतला आणि अण्णांना समजावून सांगितलं. मी अण्णांच्या धोतराला धरून उभी होते, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. हा दानलेख आहे. कुण्या राजाने हा घाट येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना मोकळा करून दिला, कुणी कुणाला इथे अडवू नये. आणि गाढव म्हणजे शपथ: जो हे दान मोडील त्याच्या आईची ही गत होवो. "असे दगड या जिल्ह्यात जागोजाग आहेत," साहेब म्हणाला. "ही बाई कुणीच नाही, कारकून. शिवी आहे, शिवी." आणि हसून तो घोड्यावर बसला. अण्णाही हसले. घरी येऊन मात्र त्यांनी आईला यातलं अक्षर सांगितलं नाही.

गावात त्या दिवसांत दरवर्षी हिवताप यायचा. त्या वर्षीही आला. एरवी लोक कुडकुडत पडायचे आणि बरे व्हायचे. या वेळी कारण सापडलं होतं. गल्लीतली पोरं काशीआत्या दिसली की गाढवासारखी ओरडायला लागली. तलावावर तिने घागर टेकली तर बायकांनी आपल्या घागरी उचलल्या. खाडीवर गेली तर तिथेही दोन माणसं उभी, "इथे बसायचं नाही" म्हणून. त्या घाटावर, जिथे कुणी कुणाला अडवू नये! गाढव नक्की कुणाच्या घरी यायला हवं होतं ते मी लिहीत नाही, त्यांची पतवंडं आज मला नमस्कार करतात.

मग एकादशीच्या दुपारी शास्त्रीबुवा आणि गावातले चारपाच मोठे लोक आमच्या ओसरीवर येऊन बसले. माझ्या धाकट्या भावाची, विष्णूची, मुंज ठरली होती. बुवांनी सरळ सांगितलं की असल्या घरात मुंज लावायला गावातला एकही भिक्षुक यायचा नाही आणि पंगतीला पान मांडलं जायचं नाही. शापाचा दगड पालथा होता तो उताणा झाला, आता दोष कुणाचा ते ठरलं पाहिजे. ज्याने खाली हात घातला, त्याचा. अण्णा खाली मान घालून बसलेले. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की ही शपथ आहे, साहेबाने वाचली, बाई कुणी नाही. एक वाक्य! मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते उपरण्याच्या दशा मोजत होते.

"पोरीने हात घातला म्हणतात," बुवा म्हणाले. "इकडे ये गं."

मी पुढे गेले. माजघराच्या दाराआड आई उभी होती, आणि तिचं कुजबुजणं मला स्पष्ट ऐकू आलं: "आता हिला कोण करून घेणार?" लग्न म्हणजे काय ते मला फारसं कळत नव्हतं. पण लग्न न झालेल्या किंवा मोडलेल्या बाईचं काय होतं ते मला रोज समोर दिसत होतं, लाल आलवणात, मुसळ घेऊन.

"तुला हात घालायला कुणी सांगितलं?" बुवांनी विचारलं. आवाज गोड होता. कुणीतरी सांगितलंच असणार, हे त्या प्रश्नातच होतं. मला फक्त नाव घ्यायचं होतं.

मी म्हटलं, "आत्याने."

हे लिहायला मला साठ वर्षं लागली. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून कुळीथ निवडत होती. तिने वर बघितलं. माझ्याकडे नाही, बुवांकडे. आणि म्हणाली, "हो. मीच म्हटलं, बघ गं खाली काय आहे ते." मग पुन्हा सूप हातात घेतलं. ओसरीवरची सगळी माणसं एकदम सैल झाली. अण्णांनीसुद्धा श्वास सोडला, तो मी ऐकला. कुणीतरी पाणी मागितलं, आईने गुळाचा खडा दिला, आणि मुंजीचा मुहूर्त कायम झाला.

चार दिवसांनी आत्याला तिच्या दिराकडे पाठवायचं ठरलं, खाडीपलीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर. ज्या दिराने बारा वर्षांत तिची खबर घेतली नव्हती त्याच्याकडे! सोबतीला आमच्याकडचा गडी, सामान म्हणजे एक बोचकं. अण्णांना कचेरी होती. आईचे दिवस भरत आलेले. घाटावर पोचवायला मी एकटी गेले. धोंडा हिरूच्या माणसांकडून पुन्हा पालथा करून घेतला होता, आणि आत्या त्याच्यावरून हात फिरवून होडीत चढली. मला वाटलं आता ती रागावेल. मी वाट बघत होते; रागावली असती तर मी रडून मोकळी झाले असते. तिने बोचक्यातून रिठ्यांची पिशवी काढून माझ्या हातात दिली. "आईचे कपडे आता तुलाच धुवायचे आहेत, गोदे. खाऱ्या पाण्यात फेस येत नाही म्हणून चोळत बसू नकोस, हातांची सालं निघतील. पाणी ओसरू दे, मग ये." नावाड्याने बांबू टेकला. ती पाठमोरी बसली. खाडी ओलांडेपर्यंत तिने वळून बघितलं नाही.

पुढची दोन वर्षं त्या धोंड्यावर मी बसले. मला कुणी अडवलं नाही, कुमारिकेला कोण अडवणार? तिसऱ्या वर्षी, माझं लग्न झाल्यावर, आत्या गेल्याचं कळलं. कशाने, ते पत्रात नव्हतं. तोवर मी तिला एक अक्षर पाठवलं नव्हतं. मला लिहिता येतं पण तिला वाचता येत नाही, ही सबब. ती सबब मी पुढे पुष्कळ वर्षं वापरली. अण्णांची हकीकत साहेबाकडे गेली. कित्येक वर्षांनी ते जाडजूड पुस्तक माझ्या यजमानांच्या कचेरीत आलं तेव्हा मी ते उघडून बघितलं. आमच्या गावात बंदर आहे, भात होतं, लोक साधारण सुखी आहेत. दगडाबद्दल एक ओळ. घाट सगळ्यांना मोकळा होता, हे त्यात नव्हतं.

एवढ्यावर मी थांबणार होते. पण गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नाला कल्याणला जाणं झालं आणि म्हटलं, खाडी बघून यावी. पायऱ्यांशी एक घुमटी बांधलेली दिसली. आत धोंडा. उभा केलेला, कोरलेली बाजू पुढे, शेंदराने असा माखलेला की बाई नाही, गाढव नाही, अक्षर नाही. पुढे नारळांच्या करवंट्या आणि ओल्या पातळातल्या दोन बायका, ओटी भरायला आलेल्या. मूल होत नसेल तर हिला नवस बोलतात म्हणे. गुरव तरुण होता, बोलका. मी विचारलं, ही कुठली देवी?

"फार जागृत स्थान आहे, आजी," तो म्हणाला. "पूर्वी ही खाडीत पालथी पडली होती. गावात एक सोवळी बाई होती, मोठी पुण्यवान. तिला दृष्टांत झाला. तिने घरातल्या एका कुमारिकेला सांगितलं, बाळ, धोंड्याखाली हात घाल. तशी देवी प्रकट झाली. मग त्या बाईने गाव सोडलं, काशीला गेली, आणि गावाने मोठ्या मानाने तिला घाटापर्यंत पोचवलं."

 मी पायरीवर बसले. सगळ्या हकिगतीत एकच गोष्ट गावाने माझ्याकडून जशीच्या तशी घेतली होती, आणि नेमकी तीच खोटी होती.

"तिने नव्हतं सांगितलं," मी म्हटलं. "तिने हात घालू नकोस म्हणून सांगितलं होतं."

गुरवाने माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि समजुतीने हसला. "तुम्हाला कसं माहीत असणार, आजी? तुम्ही बाहेरगावच्या दिसता."